कोबोलपर्यंतची वाट : बॅटलस्टार गॅलॅक्टिका प्रथमच पाहणाऱ्यांसाठी

बॅटलस्टार गॅलॅक्टिका ही विज्ञानकथा मालिका दोनदा निर्माण झाली. पहिली मालिका १९७८ साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर आली. दुसरी २००३ सालच्या एका लघुमालिकेपासून सुरू झाली आणि मार्च २००९ मध्ये संपली. दोन्हींचा कथाविषय एकच आहे. बारा ग्रहांवर वसलेल्या मानवजातीचा सायलॉन नावाच्या यंत्रसेनेकडून संहार होतो आणि वाचलेले लोक गॅलॅक्टिका या युद्धनौकेच्या आश्रयाने पृथ्वी नावाच्या हरवलेल्या ग्रहाच्या शोधात निघतात. या शोधाच्या वाटेत दोन्ही वेळा कोबोल हा ग्रह लागतो. कोबोल म्हणजे साऱ्या मानवजातीचे मूळ गाव, जिथून पूर्वजांच्या तेरा टोळ्या निघाल्या. त्यांपैकी बारा टोळ्यांनी बारा वसाहती वसवल्या आणि तेरावी पृथ्वीकडे गेली, असे त्यांच्या पोथ्या सांगतात.

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावात वाचनालयाच्या खोलीत गेले तीन हिवाळे आम्ही दहा-पंधरा जण एकत्र बसून ही मालिका पाहत आलो आहोत. पहिल्या वर्षी मी एक चूक केली. जे आधी निर्माण झाले ते आधी पाहावे, या सरळ हिशेबाने मी १९७८ पासून सुरुवात केली आणि चौथ्या संध्याकाळी खोलीत माझ्यासह तिघेच उरले. पुढच्या वर्षी क्रम बदलला आणि लोक टिकले. तोच क्रम येथे मांडत आहे. ज्यांनी यातले काहीच पाहिलेले नाही, त्यांना कोबोल नीट उमगावा एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यामुळे संपूर्ण मालिकेचा शेवट, आणि कोणते पात्र खरे कोण निघते, हे मी कुठेही सांगितलेले नाही.

पहिली पायरी : बारा वसाहती राशींच्या नावाने लिहून घ्या

मालिका सुरू करण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर किंवा भिंतीवरच्या फळ्यावर बारा वसाहतींची नावे लिहून ठेवावीत. कानाला ही नावे सुरुवातीला अनोळखी वाटतात आणि संवादांच्या ओघात हा ग्रह कोणता, तो कोणता, याचा गोंधळ होतो. पण पंचांग हाताळणाऱ्या घरात हा गोंधळ पाच मिनिटांत मिटतो, कारण ही सगळी नावे राशींवरून घेतलेली आहेत. एरिलॉन म्हणजे मेष, टॉरॉन म्हणजे वृषभ, जेमेनॉन म्हणजे मिथुन, कॅन्सेरॉन म्हणजे कर्क, लिओनिस म्हणजे सिंह, व्हर्गॉन म्हणजे कन्या, लिब्रान म्हणजे तूळ, स्कॉर्पिया म्हणजे वृश्चिक, सॅजिटॅरॉन म्हणजे धनु, कॅप्रिका म्हणजे मकर, ॲक्वेरिया म्हणजे कुंभ आणि पायकॉन म्हणजे मीन. यांतील कॅप्रिका ही राजधानीची वसाहत आहे आणि संहाराची दृश्ये मुख्यतः तिथेच घडतात. धनु राशीचे नाव मात्र ठळक अक्षरांत लिहावे. त्याचे कारण चौथ्या पायरीवर कळेल.

कोबोल या नावाविषयीही आधीच एक गोष्ट माहीत असलेली बरी. मूळ मालिकेचे जनक ग्लेन लार्सन हे मॉर्मन पंथाचे होते. त्या पंथाच्या 'बुक ऑफ अब्राहम' या ग्रंथात देवाच्या सिंहासनाजवळच्या ताऱ्याचे नाव कोलोब असे आहे. त्याच नावातील अक्षरांची अदलाबदल करून कोबोल तयार झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. टोळ्यांची कल्पना, बारा जणांचे मंडळ आणि दीर्घ स्थलांतराची कथा यांवरही त्या श्रद्धेची छाया आहे. नव्या मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर यांनी हा सांगाडा ठेवला आणि त्यावर ग्रीक देवता बसवल्या. कोबोलचे देव तिथे झ्यूस, अथेना, अपोलो, आर्टेमिस या नावांनी येतात. माणसे या अनेक देवांना मानतात आणि यंत्रे मात्र एकाच देवाला मानतात. हा भेद पहिल्यापासून लक्षात ठेवला, तर पुढची पुष्कळ भांडणे आपोआप समजतात.

दुसरी पायरी : २००३ ची लघुमालिका पाहा आणि शेवटचे भाषण कान देऊन ऐका

लघुमालिका दोन भागांची आणि सुमारे तीन तासांची आहे. ती एका बैठकीत पाहू नये, दोन संध्याकाळी पाहावी. युद्धविराम होऊन चाळीस वर्षे झाली आहेत. गॅलॅक्टिका ही जुनी नौका निवृत्त करून तिचे संग्रहालय बनवण्याचे चालले आहे आणि तिच्यावरील संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत म्हणूनच ती वाचते. शिक्षणमंत्री लॉरा रोझलिन ही राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसांच्या यादीत ४३ वी आहे. तिच्या आधीचे सगळे मारले गेल्यामुळे ती एका प्रवासी यानात शपथ घेते. हा शपथविधी आमच्या खोलीत दोन्ही वर्षी अगदी शांतपणे पाहिला गेला.

शेवटाकडे मृतांच्या अंत्यविधीचे दृश्य येते. खचलेल्या लोकांसमोर सेनापती ॲडामा उभा राहतो आणि सांगतो की पृथ्वी ही केवळ दंतकथा नाही, तिचा ठावठिकाणा आपल्याला माहीत आहे. लोक जोशाने उत्तर देतात. नंतर एकांतात रोझलिन त्याच्याशी बोलते आणि प्रेक्षकाला कळते की तो खोटे बोलला होता. माणसांना जगण्यासाठी काहीतरी हवे होते म्हणून त्याने ते दिले. नव्या मालिकेतील कोबोल समजण्याची किल्ली या दृश्यात आहे. कोबोल ही अशी जागा आहे, जिथे गेल्यावर ॲडामाच्या त्या खोट्याला पहिल्यांदा खऱ्याचा आधार मिळतो. म्हणून हे भाषण इंग्रजी उपशीर्षकांसह दोनदा पाहावे, आणि ज्यांना इंग्रजी सहज वाचता येत नाही त्यांना कोणीतरी मध्ये थांबवून त्याचा अर्थ सांगावा.

उपशीर्षकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे सांगतो. आमच्याकडे मार्च संपता संपता कुलर लागतात आणि कुलरच्या घरघरीत ही मालिका ऐकूच येत नाही, कारण यातील महत्त्वाचे संवाद अनेकदा दबक्या आवाजात होतात. म्हणून दिवाळीनंतर धान निघाले की सुरुवात करावी आणि होळीपर्यंत कोबोलचे भाग संपवावेत. उन्हाळ्यातच पाहायचे असेल, तर उपशीर्षके सतत चालू ठेवावीत आणि वीज जाण्याच्या वेळा पाहून बैठक ठरवावी. एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त भाग पाहू नयेत. तिसऱ्या भागाला डोळे पडद्यावर असतात, पण मन थकलेले असते.

तिसरी पायरी : पहिला सीझन क्रमाने पाहा, पण तीन ठिकाणी थांबा

पहिला सीझन १३ भागांचा आहे. त्याचा पहिला भाग, ज्याचे शीर्षकच '३३' या आकड्याचे आहे, त्याला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा २००५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येतात, दर ३३ मिनिटांनी वाचलेल्या नौकांच्या ताफ्याला अवकाशात एका क्षणात दूरवर उडी मारून पळावे लागते आणि पाच दिवसांहून जास्त काळ कोणीही झोपलेले नाही. रोझलिनच्या फळ्यावर जिवंत माणसांची संख्या लिहिलेली असते. ती ५०,२९८ वरून घसरत जाते आणि भागाच्या शेवटी एका बाळाच्या जन्माने एकाने वाढून ४७,९७३ होते. त्या एका आकड्यासाठी हा भाग पाहावा. मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्राचे शब्द गायलेले आहेत, हेही नव्या प्रेक्षकाला येथेच लक्षात येते. आमच्याकडे पहिल्यांदा ते ऐकल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि शीर्षके पुन्हा लावायला सांगितली.

थांबण्याची पहिली जागा आठव्या भागात आहे. तिथे कैदेतील एक सायलॉन स्टारबक या वैमानिक स्त्रीला सांगतो की तुम्हाला कोबोल सापडेल आणि कोबोल तुम्हाला पृथ्वीकडे नेईल. शत्रूच्या तोंडून आलेली ही पहिली खूण आहे. दुसरी जागा दहावा भाग. रोझलिनला कर्करोग आहे आणि त्यावर ती चमाला नावाची वनस्पती घेते, ज्यामुळे तिला काही दृश्ये दिसू लागतात. पुजारीण एलोशा तिला पायथिया या प्राचीन भविष्यवेत्तीच्या पोथीतील वचने सांगते आणि एक आजारी नेता आपल्या लोकांना वचनभूमीच्या दाराशी नेईल, हे भाकीत आपल्यालाच लागू होते की काय, असे रोझलिनला वाटू लागते. इथे मालिका बाजू घेत नाही. औषधाचा भास आहे की खरोखरचा साक्षात्कार, याचा निवाडा प्रेक्षकावर सोडलेला आहे आणि माझ्या मते तो घाईने करूही नये.

तिसरी जागा म्हणजे शेवटचे दोन भाग, 'कोबोल्स लास्ट ग्लीमिंग'. टेहळणीला गेलेल्या यानाने एका ग्रहाची छायाचित्रे आणलेली असतात. इतरांना त्यांत पडके अवशेष दिसतात, रोझलिनला मात्र उभे, अखंड नगर दिसते. हाच कोबोल. पोथीनुसार पृथ्वीची वाट उघडण्यासाठी अपोलोचा बाण लागतो आणि तो तर शत्रूच्या ताब्यातील कॅप्रिकावर, डेल्फीच्या संग्रहालयात राहिलेला आहे. तो आणायला कोण जाते आणि त्यापायी सरकार व सैन्य यांच्यात काय फाटते, हे आपण पडद्यावरच पाहावे.

चौथी पायरी : कोबोलवर उतरा

दुसऱ्या सीझनचे पहिले सात भाग, म्हणजे 'होम' या दोन भागांच्या कथेपर्यंत, खंड न पाडता आठवडाभरात पाहावेत. एक तुकडी कोबोलवर अडकून पडते, ताफा दुभंगतो, त्यातील सुमारे एक तृतीयांश नौका रोझलिनच्या मागे जातात आणि कोबोलवर परतणाऱ्याला रक्ताचे मोल द्यावे लागेल हे पोथीतील वचन एकेका मृत्यूने खरे होत जाते. शास्त्रज्ञ बाल्टरला जे भव्य नाट्यगृह दृष्टान्तात दिसते, ते नंतरही परत परत येणार आहे, तेव्हा त्याचे जिने आणि सज्जे नीट पाहून ठेवावेत. त्याचे चित्रीकरण कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या ऑर्फियम थिएटरमध्ये झाले. कोबोलची ओली, दाट, उंच झाडांची जंगलेही त्याच प्रदेशातील ब्रिटिश कोलंबियाची आहेत. साग आणि मोहाची विरळ, पानगळीची जंगले पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना ती फार परकी वाटतात आणि त्या परकेपणाचा उपयोगच होतो.

ज्यांना कोबोलवरील अथेनाच्या थडग्यातील रहस्य स्वतः पडद्यावर पाहायचे आहे, त्यांनी यापुढचा परिच्छेद ते भाग पाहून झाल्यावरच वाचावा.

अथेनाच्या थडग्यात बारा वसाहतींची चिन्हे असलेल्या मूर्ती आहेत. स्टारबक बाण नेऊन धनुर्धराच्या, म्हणजे सॅजिटॅरॉनच्या मूर्तीच्या धनुष्यात बसवते. त्याबरोबर दार मिटते, अंधार होतो आणि सगळे जण एका मोकळ्या माळावर, रात्रीच्या आकाशाखाली उभे असल्याचे दिसते. भोवती बारा शिळा आहेत आणि त्यांवर बारा तारकासमूह. पृथ्वी म्हणजे अशी जागा, जिथून वर पाहिले की बारा वसाहतींच्या राशी आकाशात दिसतात. त्याच आकाशात एक तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, ओळखू येतो, लगून तेजोमेघ, आणि तोच पुढच्या प्रवासाची खूण ठरतो. त्यांना कागदावर काढलेला नकाशा कुठेच मिळत नाही. त्यांना मिळते ती उभे राहण्याची जागा.

या दृश्यानंतर आमच्या खोलीत जे घडले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमचे गाव पुनर्वसित आहे. जुने गावठाण धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरले की जुन्या मारुतीचा ओटा उघडा पडतो आणि म्हातारी माणसे नारळ घेऊन तिकडे जातात. ओट्यावर बोटभर गाळ असतो, त्यात शिंपले रुतलेले असतात. गाळ विळ्याने खरवडला की दगडाच्या खाचेत अजून शेंदूर सापडतो. नव्या गावात बसून आमच्या आजीला जुन्या घराची जागा सांगता येत नाही, ती म्हणते मला आठवत नाही. पण त्या ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली की ती हात लांबवून सांगते, हा आपला कोठा, ही न्हाणी, ही वावराकडे जाणारी पांदण. 'होम'चा दुसरा भाग संपल्यावर आजी एवढेच म्हणाली, "जागेवर उभं राहिल्याबिगर दिशा लागत नाही बाबा." कोबोलचे थडगे ज्याला उलगडले नाही, अशा नवख्या प्रेक्षकाला मी तेव्हापासून हेच वाक्य सांगतो.

खऱ्या आकाशात बाराही राशी एका वेळी क्षितिजाच्या वर नसतात, साधारण निम्म्याच दिसतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. थडग्यातील दृश्य ही एक रचना आहे, आकाशाचे छायाचित्र नव्हे.

पाचवी पायरी : आता १९७८ कडे परत या

इथवर आल्यानंतर जुनी मालिका उघडावी. आधी तिचा तीन तासांचा आरंभ, 'सागा ऑफ अ स्टार वर्ल्ड', आणि लगेच 'लॉस्ट प्लॅनेट ऑफ द गॉड्स' हे दोन भाग. तो आरंभ १७ सप्टेंबर १९७८ रोजी दाखवला गेला आणि मध्येच थांबवून वाहिनीने कॅम्प डेव्हिड येथील इजिप्त-इस्राएल समझोत्याच्या स्वाक्षऱ्यांचे वृत्त दिले होते. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्याच पडद्यावर कोबोल आला, तो गिझाच्या पिरॅमिडांसह. या भागांसाठी काही चित्रीकरण खरोखर इजिप्तमध्ये झाले होते. प्राचीन संस्कृतींचे मूळ अंतराळात आहे, ही कल्पना त्या दशकात फार लोकप्रिय होती आणि मालिकेचे प्रास्ताविक निवेदनही तेच सुचवते. वैमानिकांची शिरस्त्राणे फॅरोंच्या शिरोवस्त्राच्या घाटाची का आहेत, हे या दोन भागांत आपोआप कळते.

जुन्या कोबोलला जाण्याची वाट ताऱ्यांविना असलेल्या एका काळ्या पोकळीतून जाते. बरेचसे पुरुष वैमानिक आजारी पडल्यामुळे स्त्रियांना घाईने प्रशिक्षण देऊन विमानांवर पाठवले जाते, आणि हा भाग आजही पाहण्यासारखा आहे. ॲडामा कोबोलच्या नवव्या अधिपतीच्या थडग्यात शिरतो, तिथे मानवांशी दगा केलेला बाल्टर येऊन पोहोचतो आणि पृथ्वीचा ठाव देणारा लेख पुरता वाचून होण्याआधीच सायलॉनांच्या बॉम्बफेकीत सगळे कोसळते. या भागांत होणारा एक मृत्यू मनाला लागतो. लोर्न ग्रीन यांचा ॲडामा आणि एडवर्ड जेम्स ओल्मोस यांचा ॲडामा यांच्यातील फरक इथे लख्ख दिसतो. जुन्याने लोकांना पृथ्वीविषयी सांगितले तेव्हा त्याची स्वतःची त्यावर श्रद्धा होती. त्यामुळे त्याच्यासाठी कोबोल म्हणजे श्रद्धेचा पुरावा, जो हातात येता येता निसटतो. नव्याला श्रद्धा नव्हती आणि त्याला पुरावा मिळतो. मला स्वतःला नवी मांडणी अधिक खोल वाटते, पण जुन्याचे थडगे कोसळतानाची हळहळ नव्यात नाही, हेही तितक्याच मनापासून सांगतो.

जुनी मालिका पुढे पाहायची की नाही, हे आपल्या आवडीवर आहे. एकूण २४ भाग आहेत. नव्या मालिकेकडे मात्र परतावेच, कारण कोबोलच्या टोळ्यांविषयी पोथीत जे लिहिले आहे ते पुरते खरे आहे का, हा प्रश्न तिसऱ्या आणि चौथ्या सीझनमध्ये नव्याने उभा राहतो. २०१० ची 'कॅप्रिका' ही उपमालिका सर्वांत शेवटी पाहावी.

सहावी पायरी : वावरात जाऊन धनु रास पाहा

ही पायरी पडद्यासमोरची नाही आणि गावात राहणाऱ्यांनाच ती सहज जमते. लगून तेजोमेघ खराच आहे. शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलनिरीक्षकाने १७६४ साली तो आपल्या यादीत आठव्या क्रमांकावर नोंदवला. तो आपल्यापासून ४,००० हून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे आणि तो आहे धनु राशीतच. पावसाळ्यात तो रात्रभर आकाशात असूनही ढगांमुळे दिसत नाही, म्हणून मे महिन्यातील अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी, जेव्हा तसेही आपण उकाड्याने गच्चीवर किंवा अंगणात खाट टाकून झोपलेलो असतो. गावातील दिव्यांपासून दूर, धुऱ्यावर जाऊन उभे राहावे आणि डोळ्यांना वीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्यावी. या वेळात मोबाइलचा पडदा उघडू नये. पायांत बूट आणि हातात काठी मात्र असावी.

रात्री अकराच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिक रास वर आलेली असते. तिच्या छातीतील तांबूस ज्येष्ठा आणि वाकडी नांगी सहज सापडते. नांगीच्या डावीकडे, थोडे खाली, पूर्वाषाढा आणि उत्तराषाढांचे तारे मिळून चहाच्या किटलीसारखा आकार करतात. ती धनु रास. दोन-अडीच वाजता ती दक्षिणेला, क्षितिजापासून ४५ अंशांच्या जवळपास येते आणि तीच पाहण्याची उत्तम वेळ आहे. किटलीच्या तोटीतून वाफ निघावी तशी तोटीच्या वर आकाशगंगा दिसते. तिथेच, तोटीच्या टोकापासून सुमारे सहा अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन बोटांच्या रुंदीएवढ्या अंतरावर, एक फिकट, पुसट ठिपका असतो. तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, साध्या दुर्बिणीतून मात्र स्पष्ट दिसतो. दुर्बीण हातात हलत असेल, तर ती काठीच्या टोकावर टेकवून धरावी.